फिरत्या पिंपातलं कंपोस्ट: परसात घरच्या घरी कसं बनवावं

परसात कंपोस्टचा ढीग लावणं सोपं असतं, तो उलथत राहणं अवघड. न उलथलेल्या ढिगाच्या पोटात हवा शिरत नाही, मग तो कंपोस्ट होण्याऐवजी नुसता सडतो आणि वास मारतो. आडव्या दांड्यावर फिरणारं पिंप हे फावड्याचं काम दोन-चार हिसक्यांत करतं.

पिंप सुमारे 200 लिटरचं, बंद तोंडाचं प्लास्टिकचं घ्यावं. आधी त्यात काय भरलेलं होतं, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. खाद्यपदार्थाचं असेल तर उत्तम. कीटकनाशकाचं किंवा रसायनाचं असेल तर कितीही धुतलं तरी नकोच, कारण यातलं खत शेवटी भाजीच्या वाफ्यात जाणार आहे.

सुरुवात दारापासून करा. पिंपाच्या कुशीवर साधारण 30 बाय 40 सेंमीचा चौकोन आखा आणि आधी फक्त बिजागऱ्यांची बाजू कापा. बिजागऱ्या नटबोल्टने पक्क्या बसवा, मगच उरलेल्या तीन बाजू कापा. चारही बाजू एकदम कापल्या तर प्लास्टिक ताण सोडतं आणि दार परत नीट जुळत नाही. समोरच्या बाजूला घट्ट कडी हवी.

आता दांडा. दोन्ही तोंडांवर दोन-दोन व्यास आखा. ते छेदतात तो मध्य. इथे घाई नको, कारण मध्य चुकला की पिंप प्रत्येक फेरीत जड बाजूला ओढ घेतं. सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आरपार जाईल एवढं भोक पाडा आणि दारातून हात घालून आतून-बाहेरून प्लायवूडच्या चकत्या बोल्टने आवळा. त्या नसतील तर वजनाने भोक रुंदावत जातं.

आतल्या बाजूला दोन-तीन लाकडी पट्ट्या लांबीच्या दिशेने बसवायला विसरू नका. पट्ट्यांशिवाय ओला माल गोळा होऊन तळाशी नुसता घसरतो, उलथत नाही. हवेसाठी सगळीकडे 10-12 मिमीची भोकं पाडा आणि आतून बारीक जाळी लावा.

लाकडाच्या दोन कैचीदार घोड्यांवर पाइप ठेवा, जमिनीपासून 75-80 सेंमी उंच, म्हणजे खाली घमेलं सहज सरकतं. घोड्यांना आडवे टेकू द्याच. भरलेलं पिंप माणसाइतकं जड होतं.

भरताना एक भाग ओला कचरा, तर दोन ते तीन भाग वाळला पालापाचोळा, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण 25 ते 30 ला 1 असावं असं म्हणतात, ते या मापाने जवळपास साधतं. सगळं बारीक चिरून घाला आणि विरजण म्हणून जुन्या खताची दोन-चार ओंजळी टाका. पिंप दोन-तृतीयांशच भरा, नाहीतर आत उलथायला जागाच उरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी चार-पाच फेऱ्या पुरेत.

ओल मुठीत तपासा: माल दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली किंवा वास सुटला तर कोरडा पाला वाढवा. भुगा झाला तर पाणी शिंपडा. ढीग चांगला तापायला साधारण घनमीटरभर माल लागतो, पिंपात त्याचा पाचवा हिस्साही मावत नाही. म्हणून बी धरलेलं तण यात घालू नका, ते मरेलच असं नाही.

सर्वांत जास्त नासधूस होते ती रोज थोडा ताजा कचरा टाकत राहिल्याने. असं केलं तर खत कधीच पूर्ण होत नाही. ठरलेल्या पातळीपर्यंत भरलं की दार बंद, नवा कचरा शेजारच्या बादलीत. जमलं तर दुसरं पिंप करा. उबदार हवेत सहा ते आठ आठवड्यांत माल काळसर, मातीच्या वासाचा होतो. तो काढून तीन-चार आठवडे सावलीत झाकून मुरू द्या, मग चाळून वाफ्यात घाला. चाळणीत उरलेल्या जाड काटक्या पुढच्या भरणीत जातात.