जुनी मोटारसायकल दुरुस्त करावी की नवी घ्यावी? निर्णय घेताना या चुका टाळा

बारा-पंधरा वर्षे वापरलेली शंभर-दीडशे सीसीची मोटारसायकल गॅरेजमध्ये नेली आणि मेकॅनिकने ‘इंजिन उतरवावे लागेल, पंधराएक हजार जातील’ असे सांगितले, की घरात लगेच प्रश्न निघतो: ज्या गाडीला बाजारात वीस हजारसुद्धा येत नाहीत, तिच्यात पंधरा हजार कशाला घालायचे? हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्यात गाडीच्या विक्रीच्या किमतीचा विचार आहे आणि गाडी विकायची तर नसते. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना करायची ती पुढची तीन वर्षे कामावर जाण्या-येण्यासाठी नव्या गाडीला जो पैसा लागेल त्याच्याशी. शिवाय गाडी ठेवावी की काढावी हे इंजिनच्या स्थितीवर फारच क्वचित ठरते, कारण इंजिन पुन्हा नीट करता येते. चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा), कागदपत्रे आणि सुट्या भागांची उपलब्धता यांवर ते खरे ठरते, आणि बहुतेक चुका याच तीन गोष्टी न तपासल्याने होतात.

हप्ता आणि ॲव्हरेज यांचा हिशेब न मांडणे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या हे खरे. तरीही नोंदणी, रस्ता कर आणि विमा धरून साधी गाडीसुद्धा लाखाच्या आसपास जाते आणि बहुतेक जण ती कर्जाने घेतात. समजा ८०,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी ‘फ्लॅट १० टक्के’ दराने घेतले, तर व्याज २४,००० रुपये होते आणि हप्ता सुमारे २,८९० रुपये पडतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, परंतु व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण रकमेवर आकारलेले असते. म्हणून घटत्या शिल्लकीवर मोजल्यास हाच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. शोरूममध्ये दर विचारताना तो फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकीवर, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

‘नवी गाडी पेट्रोलमध्ये पैसे वाचवेल’ हा युक्तिवादही आकड्यांत मांडून पाहावा. महिन्याला ९०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज ४५ वरून ६० झाले, तर २० लिटरऐवजी १५ लिटर पेट्रोल लागेल आणि आजच्या दराने महिन्याला पाचशेच्या थोडे वर रुपये वाचतील. २,८९० रुपयांच्या हप्त्यापुढे ही बचत फारशी नाही. ज्यांचे रोजचे जाणे-येणे शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, त्यांचे गणित अर्थात वेगळे निघेल.

निदान न करताच इंजिन उघडणे

‘पिकअप नाही, ॲव्हरेज पडले’ या तक्रारीवरून थेट ब्लॉक-पिस्टन (इंजिनचा सिलिंडर आणि त्यातला दट्ट्या) बदलायला निघणे ही सर्वांत महाग चूक आहे, कारण हीच लक्षणे अत्यंत किरकोळ बिघाडांचीही असतात. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते लगेच थांबत असेल, तर ब्रेक घासत आहे किंवा चेन गरजेपेक्षा ताणलेली आहे. टॉप गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर वाढवल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच प्लेटा घसरत आहेत आणि त्या बदलण्याचा खर्च इंजिनच्या कामाच्या मानाने अगदी थोडा आहे. एअर फिल्टर, प्लग, कार्बोरेटरची सफाई, टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर आणि टायरमधील हवा, एवढ्या गोष्टी झाल्याशिवाय इंजिनबद्दल कोणाचेही मत अंतिम मानू नये.

धुराचा रंगही नीट पाहावा लागतो. पावसाळ्यात किंवा थंडीत सकाळी सुरुवातीला दिसणारा पांढरा धूर बहुधा सायलेन्सरमधील ओलाव्याचा असतो आणि गाडी तापली की तो जातो. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगतो, म्हणजे दोष कार्बोरेटर, चोक किंवा फिल्टरमध्ये असतो. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याचा असतो, आणि तो केव्हा येतो याला महत्त्व आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर भपका येत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. जोर देताना सतत येत असेल, तर पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, यांवर. खात्री करण्यासाठी कॉम्प्रेशन गेज लावून दाब मोजावा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर गळती रिंग-बोअरमधून आहे आणि वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून. ही तपासणी थोड्या वेळात होते. ती न करता ‘उघडल्यावर कळेल’ म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी सोडू नये, कारण उघडलेली गाडी दुसरीकडे नेणे कोणालाच सोयीचे नसते.

काम निघालेच, तर ते अर्धे करू नये. बोअर झिजून लंबगोल झालेला असताना केवळ रिंगा बदलल्या, तर धूर काही महिन्यांत परततो. बोअर मोजून घ्यावा, मर्यादेबाहेर असेल तर लेथवर पुढच्या मापाचा करून त्या मापाचा पिस्टन टाकावा किंवा पूर्ण ब्लॉक किट घ्यावे, आणि त्याच वेळी हेडमधील व्हॉल्व्ह, गाइड व सील तपासून घ्यावेत. वेगळ्या दिवशी तेच काम करायचे तर मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते.

चेसिसकडे दुर्लक्ष करणे

इंजिनवर पैसे खर्च करण्याआधी सीट आणि साइड पॅनेल काढून चेसिस पाहणे हा नियम असावा. प्रत्यक्षात ती कोणी पाहत नाही. बॅटरीच्या ट्रेखाली, मागचे चाक धरणारा स्विंगआर्म जोडला जातो तिथे आणि स्टँडच्या जोडाजवळ चिखल-पाणी साचून राहते. तिथला रंग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडावा. वरवरचा तांबूस गंज घासून, प्रायमर मारून थांबवता येतो, परंतु टोक दाबल्यावर पत्रा आत जात असेल किंवा पापुद्रे निघत असतील, तर ती गाडी वेल्डिंग करून चालवण्याच्या लायकीची उरलेली नाही. कोकणातील खाऱ्या हवेत आणि दीर्घ पावसात हे देशावरच्या गाड्यांपेक्षा लवकर होते. हँडलच्या मानेजवळ तडा किंवा जुने वेल्डिंग दिसले, तर इंजिन कितीही उत्तम असले तरी दुरुस्तीचा विचार तिथेच सोडावा. चेसिस नंबरही सहसा याच मानेवर कोरलेला असतो. नोंदणीच्या कामात त्याचा पेन्सिलने ठसा घेतला जातो, त्यामुळे गंजाने अंक खाल्ले असतील तर आरटीओ कार्यालयातही अडचण येते.

कागदपत्रे शेवटी पाहणे

खासगी मोटारसायकलची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ‘पंधरा वर्षे झाली, गाडी भंगारात’ हा समज दिल्ली परिसरातील निर्बंधांवरून पसरला आहे. महाराष्ट्रात तपासणी उत्तीर्ण झाल्यावर नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलींसाठी ते २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले, आणि मुदत उलटल्यास दरमहा ३०० रुपये विलंब शुल्क लागते. यांत राज्याचा पर्यावरण कर मिळवावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल, तर त्याचे ४५० रुपये अधिक जीएसटी हेही धरावेत. ही रक्कम फार मोठी नाही, पण तीन-चार वर्षे नोंदणी उलटून गेलेली गाडी असेल तर केवळ विलंब शुल्कच दहा हजारांच्या पुढे जाते.

याहून अवघड प्रश्न नावाचा असतो. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर राहिलेली असते, किंवा फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसी बुकावर तसाच असतो आणि ती वित्तसंस्था बंद किंवा विलीन झालेली असते. वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ आणि बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आहेत. परंतु कागद जुळवायला किती काळ लागेल हे आधी पाहावे आणि मगच गॅरेजमध्ये पैसे मोजावेत. परिवहनच्या संकेतस्थळावर नोंदणीची मुदत, बोजा आणि थकीत चलने घरबसल्या तपासता येतात.

सुटे भाग मिळतील असे गृहीत धरणे

हिरो आणि होंडा यांची भागीदारी २०१० च्या अखेरीस संपुष्टात आली, तरी हिरो होंडाच्या शंभर सीसी इंजिनचे पिस्टन आणि चेन-स्प्रॉकेट आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात. एलएमएलसारख्या, दुचाकींचे उत्पादनच थांबलेल्या कंपन्यांच्या मोटारसायकलींचे तसे नाही. १९९६ मध्ये बंद झालेली यामाहा आरएक्स १०० हौसेखातर सांभाळणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना रोज सकाळी नऊला कामावर पोहोचायचे नसते. इंजिन उघडण्यापूर्वीच लागणाऱ्या भागांची यादी घेऊन दोन दुकानांत चौकशी करावी, आणि एखादा मुख्य भाग ‘मागवावा लागेल’ असे दोन्हीकडे ऐकू आले तर नव्या गाडीचा विचार गंभीरपणे करावा.

जुनी गाडी अखेर द्यायचीच ठरली, तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी देणे एवढ्याने जबाबदारी संपत नाही. अपघात झाल्यास भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील निकालात स्पष्ट केले आहे. भंगारात काढायची असेल तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी, तिथून मिळणारे ठेव प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि नवी गाडी घेताना करसवलतीसाठी ते दाखवावे. गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला किलोने विकली, तर नोंदणी आपल्याच नावावर राहते आणि तिचा नंबर दुसऱ्या गाडीवर लागला तर त्याची चलने आपल्या मोबाइलवर येतात.