अवकाशाबद्दल लोकांना सांगताय? मग या चुका टाळा

शुभांशू शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये स्पेस स्टेशनवर जाऊन आले तेव्हापासून शाळेत, सोसायटीत, रीलवर सगळीकडे अवकाशावर बोलणारे वाढलेत, छानच आहे, पण त्याच त्याच चुका ऐकून कान किटलेत.

सगळ्यात कॉमन म्हणजे "वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून ते तरंगतात". अहो, स्टेशन आहे जेमतेम ४०० किलोमीटरवर, मुंबईहून पणजी सरळ रेषेत साधारण तेवढीच, आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. यावर एखादं पोरगं हमखास विचारतं, मग ते खाली का पडत नाही? गडबडू नका, ते पडतंच आहे, सतत, फक्त आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर आहे त्यामुळे ते जेवढं खाली येतं तेवढीच खालची गोल जमीनही वळत जाते आणि आतला माणूस, पाण्याचा थेंब, स्टेशन सगळे एकत्रच पडतात म्हणून तरंगल्यासारखं दिसतं. तरी पटलं नाही तर प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा आणि उंचावरून सोडून द्या. हातात असेपर्यंत धार लागते, सोडली की पडेपर्यंत धार बंद. दहा स्लाइड्सपेक्षा हे भारी चालतं, फक्त खाली बादली ठेवा, नाहीतर शिपाईकाका ओरडतात.

दुसरी भानगड लघुग्रहांची. २०२४ वायआर४ आठवतोय? २०३२ मध्ये आदळायची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांतच जवळपास शून्यावर आली, की लगेच व्हॉट्सॲपवर "नासाने लपवलं". चूक कुठे झाली, तर आकडा सांगितला पण तो कसा निघतो ते कुणी सांगितलंच नाही. सुरुवातीला निरीक्षणं कमी असतात, त्यामुळे तो लघुग्रह त्या दिवशी कुठे असू शकेल तो पट्टा खूप लांब असतो आणि पृथ्वी त्यातला एक बारीकसा भाग असते. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो, पृथ्वी अजून आतच असेल तर तिचा वाटा वाढतो म्हणजे टक्का वाढतो, आणि पट्टा आणखी आखडून पृथ्वी बाहेर पडली की टक्का धाडकन खाली. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.

चांद्रयान-३ "दक्षिण ध्रुवावर" उतरलं असं म्हणू नका, ते साधारण ६९ अंश दक्षिणेला उतरलं, ध्रुव तिथून अजून सहाशेएक किलोमीटर लांब. आणि चांद्रयान-२ किती टक्के यशस्वी या वादात तर पडूच नका, सरळ सांगा की उतरणारा लँडर आपटला पण चंद्राभोवती फिरणारा ऑर्बिटर काम करत राहिला आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ लाही त्याचा उपयोग झाला, लोकांना खरं पचतं.

"एवढे पैसे कशाला उडवायचे?" हा प्रश्न येणारच. त्यावर आपलं यान किती स्वस्त ते सांगणं हे मला पळवाट वाटतं, कारण विचारणाऱ्याने किंमत नाही, उपयोग विचारलाय. त्यापेक्षा कोकणातल्या मच्छीमारांचं सांगा, उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हिरवट प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कुठे आहेत ते बघून हैदराबादची इन्कॉईस संस्था मासळी कुठे सापडू शकेल त्याचा अंदाज देते. पण लगेच हेही कबूल करा की चंद्रावरच्या यानाने मासळी मिळत नाही, ते जातं ते चंद्र समजून घ्यायला आणि तिथे उतरायचं तंत्र शिकायला. दोन्हीची भेसळ केली की हुशार श्रोता लगेच पकडतो.

बाकी दिवाळीत भारत अवकाशातून कसा दिसतो तो रंगीबेरंगी फोटो यंदाही येईलच. तो दिवाळीचा नाही, १९९२ ते २००३ मधला उपग्रहांचा डेटा एकत्र करून बनवलाय आणि शहरांचे दिवे कधी वाढले ते रंगांनी दाखवलंय, म्हणजे पांढरे १९९२ च्या आधीचे आणि लाल २००३ चे. ग्रुपवर काकांनी टाकलाच तर "फेक" म्हणून भांडू नका, लाल ठिपक्यांत आपलं गाव शोधायला सांगा.