पुस्तक मिटा आणि दाखला सांगा

नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी दुपारी बायकांचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा अभ्यास, असतो. तो घेता घेता एक पद्धत बसली आहे, ती लिहिते.

बायबलमधल्या लूकच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घ्या. धाकटा मुलगा बापाकडून वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते तेव्हा घरी परततो; बाप मेजवानी देतो, आणि थोरला रागावून बाहेरच उभा राहतो. एकीने मोठ्याने वाचायचा. मग पुस्तकं मिटायची आणि प्रत्येकीने तो शेजारणीला सांगायचा, आठवेल तसा. सांगताना काय गळतं आणि काय फुगतं, ते कागदावर टिपायचं. इथे घाई करू नका. खरी गंमत इथेच आहे.

माझी पुण्याची सून दुष्काळच विसरली. पोराने पैसे उडवले म्हणून उपाशी राहिला, एवढंच तिने सांगितलं. मला मात्र चौदावं वचन ओलांडताच येत नाही. त्या देशात मोठा दुष्काळ पडला, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची, घरात मिलोची लाल भाकरी नाहीतर सुकडी. डुकरांच्या शेंगांकडे बघणारा तो पोरगा मला उधळ्या दिसण्याआधी भुकेला दिसतो. एकीने तर विचारलं, "पण ह्यांची आई कुठंय?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आता पुस्तक उघडा आणि आपल्याला दिसलं ते खरंच तिथे आहे का, ते बघा. नाहीतर शास्त्राच्या नावाखाली आपण आपलीच कहाणी वाचत बसतो. भावकीत सातबाऱ्यावरून भांडलेल्या एक मावशी ठासून म्हणाल्या, धाकट्याने अर्धं लुबाडलं. मग बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकातलं 21:17 काढलं. थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला तिसरा हिस्साच. शिवाय बापाने मिळकत दोघांनाही वाटून दिली, हे लूकच्या बाराव्या वचनात आहे. मावशी गप्प झाल्या. थोडा वेळच, पण झाल्या.

जमलं तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेलं बायबल 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, निघालं. शब्द अडला की दोन्हीकडे बघायचं.

शेवटी सगळ्यांना एकच प्रश्न: थोरला मेजवानीला आत गेला का? लूक सांगत नाही. उत्तर समासात पेन्सिलीने, तारीख घालून लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा. माझ्या पुस्तकात तीन उत्तरं आहेत. पहिलं "नाही" आहे. त्या वर्षी धाकट्या दिराशी आमचं बोलणं बंद होतं.