नील-हॅवलॉकला जाताय? आधी ओहोटीची वेळ बघा

दोघंच सॅक पाठीवर टाकून अंदमानला निघाला असाल, तर कुठल्या दिवशी कुठला किनारा हे हॉटेलवाल्याला विचारून ठरवू नका. पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेटवर मिळतं, ते मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. बेटांवर रेंजचा भरवसा नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब तिथे चालत नाही, पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण, हे तिथेही खरंच.

नील बेटावरच्या (आता शहीद द्वीप) लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकाचा पूल फक्त ओहोटीला गाठता येतो. पाणी ओसरायची वाट न बघता, ते उतरत असतानाच निघा, म्हणजे परतायला वेळ उरतो. वाट मेलेल्या प्रवाळाच्या धारदार खडकांची आहे, त्यामुळे स्लिपर नको, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. खळग्यांत समुद्रकाकड्या, खेकडे दिसतील. बघा, उचलू नका. शंख-प्रवाळ बॅगेत सापडले तर विमानतळावर अडवतात.

हॅवलॉक बेटाच्या (आता स्वराज द्वीप) विजयनगर किनाऱ्यावर उलट. ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की पोहायला खडकच उरतात. तिथे भरतीलाच जा. हॅवलॉकचाच राधानगर किनारा सूर्यास्तासाठी, मात्र हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. आपली घड्याळाची सवय इथे हमखास फसवते, म्हणून चारपर्यंत पोहोचाच. आणि दोघांनी एकदम पाण्यात उतरू नका: एकाने सॅक आणि लाटा दोन्हींवर नजर ठेवावी. मगरीचा फलक दिसला, तर एकानेही पाण्यात उतरू नका.