ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवण्यापूर्वी

कोड खुला आहे एवढ्यावरच सॉफ्टवेअर सुरक्षित मानू नये. तो कोण सांभाळतो आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे आधी पाहावे. २०२४ मध्ये फाइलचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या ओपन सोर्स साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट (संगणकात गुपचूप शिरण्यासाठी लपवलेला मार्ग, बॅकडोअर) आढळली, आणि तीही लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी चिकाटीने छडा लावला म्हणून. कोड बंद असता तर हा माग लागणे फार कठीण होते, असे मला ठामपणे वाटते. त्या चोरवाटेचा एक भाग केवळ प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे वितरणासाठी एकत्र बांधलेल्या कोडच्या फाइलमध्ये होता; गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या खुल्या साठ्यात, तो नव्हता. म्हणून डिजिटल सही जुळली तरी टारबॉल गिटमधील कोडशी ताडून पाहावा. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते, तेव्हा कंपनी त्रुटी उघडपणे जाहीर करते का आणि दुरुस्त्या किती वर्षे देणार, हे लेखी मागावे.