ऊस ओढायला फोर बाय फोर ट्रॅक्टर घेताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या तोंडावर भाच्याचा फोन आला. "मामा, फोर बाय फोरच घेऊ न्हवं? गल्लीत तिघांनी घेतलाय." मी त्याला उलट विचारलं, "तुझ्या फडापासून डांबरीपर्यंत पाणंद किती लांब आहे? आणि तिच्यात सगळ्यात वाईट जागा कुठली?" त्याला सांगता येईना. बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, कुठल्याही तालुक्यात जा, ट्रॅक्टर घेताना पहिली चूक हीच होते. एचपी विचारतात, हप्ता विचारतात, डिझेल किती खातो ते विचारतात. ज्या वाटेनं रोज खेपा करायच्या ती वाट मात्र कुणी चालून बघत नाही.

गेले १५ हंगाम मी वेदगंगेकाठच्या फडांतून ऊस बाहेर काढतोय. आधी टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर होता, आता चारही चाकांनी ओढणारा फोर बाय फोर आहे. दोन्हींनी मला रडवलंय, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

एचपी बघितला, वजन विसरलो

इंजिन फक्त चाक फिरवतं. चाकानं जमीन धरली तरच ट्रॅक्टर पुढं सरकतो, आणि चाक जमीन किती धरणार हे त्याच्यावर पडलेल्या वजनावर ठरतं. कागदावर हिशेब मांडून बघा. ४५-५० एचपीचा टू व्हील ट्रॅक्टर साधारण २१०० किलोचा. त्यातलं दोनतृतीयांश, म्हणजे १४०० किलो, मागच्या ओढणाऱ्या चाकांवर. ओल्या काळ्या रानात चाकाला वजनाच्या चाळीस टक्के पकड मिळाली तरी खूप झालं. म्हणजे ओढ झाली ५६० किलोची. फोर बाय फोर २४०० किलोच्या आसपास, आणि त्याचं सगळंच वजन ओढणाऱ्या चाकांवर. त्याच चिखलात त्याची ओढ ९६० किलो.

आता ट्रॉली घ्या. दहा टन ऊस आणि ट्रॉलीचं स्वतःचं दोन टन, मिळून बारा टन. मऊ रानात चाकं रुतत चालली की तिला हलवायला वजनाच्या दहा टक्के तरी ओढ लागते. म्हणजे १२०० किलो. दोन्ही ट्रॅक्टर कमी पडतात! तीच ट्रॉली डांबरीवर आली की दोन टक्क्यांत, म्हणजे २४० किलोत चालते. तिथं टू व्हीलही आरामात ओढतो.

हे आकडे मोघम आहेत. ओढताना वजन मागं सरकतं, त्याचा टू व्हीलला थोडा फायदाही होतो. पण एवढं कळायला ते पुरेसे आहेत की फोर बाय फोरचा उपयोग फडापासून डांबरीपर्यंतच्या त्या पट्ट्यात आहे, आणि तिथंही भरगच्च ट्रॉली भरली तर तो रुतणारच. ओल असेल तर फडात निम्मीच भरा आणि उरलेली मोळी पाणंदीच्या तोंडावर चढवा. ऊसतोड टोळीला हे आवडत नाही, मुकादम कुरकुरतो. तरी सांगा.

चाक फिरतंय, तरी ॲक्सिलेटर दाबतोय

एका डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. रात्री दहाला भरलेली ट्रॉली सरीतून बाहेर काढत होतो. उजवं चाक जागेवर गरागरा फिरायला लागलं, चिखलाचे गोळे उडून माझ्या पाठीवर आणि ट्रॉलीच्या फळीवर बसायला लागले, आणि डावं चाक मात्र ढिम्म. मी रेस वाढवत गेलो. पाच मिनिटांत चाक आसापर्यंत खाली गेलं. सकाळी दुसरा ट्रॅक्टर आणून, ट्रॉली निम्मी रिकामी करून ओढून काढावा लागला.

माझ्या टाचेजवळ डिफरन्शियल लॉकचं पेडल होतं. ते मी कधी दाबलंच नव्हतं. मागचं एक चाक घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाला जाते. लॉक दाबला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. दाबायचा चाक फिरायला लागण्याआधी, किंवा पूर्ण थांबून. फिरत्या चाकावर दाबलात तर दाते तुटतात, आणि लॉक लावून वळायचं तर अजिबात नाही. फोर बाय फोर घेतलेल्यांनाही हे लागू आहे, कारण चारही चाकांना ताकद जात असली तरी लॉक नसेल तर मागचं एक आणि पुढचं एक चाक फिरत राहू शकतं. टू व्हीलवाल्यांनी फोर बाय फोरसाठी जास्त पैसे मोजण्याआधी हा लॉक चालू आहे का ते बघावं, तोंड उचलू नये म्हणून पुढं वजनं लावावीत आणि पकडीसाठी मागच्या टायरात पाणी भरावं. व्हॉल्व वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर पाऊण भरतो. १३.६-२८ मापाच्या टायरात दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी बसतं. त्यातच कितीतरी पाणंदींचा प्रश्न सुटतो.

हायवेवर फोर बाय फोर लावून जाणं

नव्या मालकांकडून ही चूक हमखास होते. पैसे दिलेत तर पुढच्या चाकांना ताकद जोडणारी लिव्हर लावूनच ठेवू, असं त्यांना वाटतं. पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं ओढतील अशीच जुळणी केलेली असते. चिखलात तो फरक घसरणीत जिरतो. डांबरीवर घसरायला जागा नसते, म्हणून टायर रस्त्यावर घासतो आणि सगळा ताण पुढच्या आसावर, गिअरवर जातो. स्टिअरिंग जड लागलं, पुढच्या टायरची नक्षी एका हंगामात सपाट झाली, वळताना कटकट आवाज आला, की आधी लिव्हर बघा. डांबरीला लागलं की ती काढायची. निघत नसेल तर ओढाओढ करू नका. ट्रॅक्टर चार-पाच फूट मागं घ्या, आतला पीळ सुटतो आणि लिव्हर आपोआप सैल होते.

टायर बदलतानाही सांभाळा. पुढचे नवे आणि मागचे झिजलेले, किंवा कंपनीनं दिलेल्या मापाऐवजी दुकानात मिळालं ते माप, असं केलं की पुढच्या-मागच्या वेगाचं गणित मोडतं. पुढचे टायर उलट्या दिशेनं बसवलेलेही मी बघितलेत. बाजूवरचा बाण बघून घ्या.

फोर बाय फोरला वळायला जागा जास्त लागते, हेही घेण्याआधी माहीत असू द्या. अरुंद बांधावर आणि कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपुढं ते जाणवतं.

चढला म्हणजे उतरेल, असं धरणं

मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. तवंदीचा घाट किंवा वंटमुरीचा घाट ज्यानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून केलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. शंभर फुटाला पाच फूट चढ असेल तर चोवीस टनांना फक्त चढापोटी १२०० किलो जास्तीची ओढ लागते. टू व्हील तिथं तोंड उचलतो, चाक घसरतं, आणि ड्रायव्हर मुकाट्यानं एक ट्रॉली सोडतो. फोर बाय फोर ओढून नेतो. पुढं उतार लागला की तेच चोवीस टन मागून ढकलतात, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर चारही चाकांनी थांबवतो, असं समजू नका. लिव्हर काढलेली असेल तर पुढच्या चाकांना ब्रेक पोचतच नाही.

म्हणून ट्रॉल्या जोडताना तुमचा ट्रॅक्टर किती वजन थांबवू शकतो ते बघा. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. उतारावर क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर कधीच नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेला ट्रॅक्टर ट्रॉलीनं आडवा केलेला मी डोळ्यांनी बघितलाय. निसरड्या कच्च्या उतारावर मात्र लिव्हर लावून ठेवा, तिथं इंजिनाची रोखून धरायची ताकद पुढच्या चाकांपर्यंत जाते.

डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं जोडणारी पट्टी रस्त्यावर येण्याआधी लावलीच पाहिजे. फडात वळायला ती सोडतात आणि तशीच विसरतात. मग घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि ट्रॅक्टर एका बाजूला झटका घेतो.

ट्रॉलीची साखळी किंवा पिन टॉप लिंकला, म्हणजे मागं अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला कधी अडकवू नका. ओढ जितकी वर, तितका ट्रॅक्टर मागं उलटायला सोपा. रुतलेला ट्रॅक्टर काढताना घाईत हेच होतं. दोनचाकी ट्रॉली असेल तर ऊस मागं जास्त भरू नका, नाहीतर ती हुक वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड जाते.

मग भाच्यानं काय केलं

दोघं मिळून त्याची पाणंद चाललो. सव्वा किलोमीटरमध्ये वाईट जागा एकच निघाली, ओढ्याजवळचा दोनशे फुटांचा काळ्या मातीचा खड्डा. पाणंदीवर आणखी सहा घरांचा ऊस येतो. सगळ्यांनी मिळून तिथं मुरूम टाकला आणि पाणी काढायला पाइप घातला. भाच्यानं टू व्हील घेतला. त्याची जमीन खानापूरच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात असती, भाताचा चिखलही त्यालाच करायचा असता, तर मी त्याला डोळे झाकून फोर बाय फोर घे म्हटलं असतं.

डेमो मात्र त्यानं शोरूमच्या आवारात घेतला नाही. स्वतःची भरलेली ट्रॉली जोडली, ट्रॅक्टर त्याच पाणंदीतून काढला, आणि उतारावर तीन वेळा थांबवून बघितला.