इन्व्हर्टरच्या बॅटरीचे टर्मिनल कसे साफ करावेत

लाईट गेली की आमचा इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकायचा. बॅटरी जेमतेम दोन वर्षांची. दुकानदार म्हणाला, नवी घ्या. कव्हर काढून पाहिलं तर लाल वायरीच्या थिंबलभोवती, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीभोवती, निळसर-पांढरी भुकटी फुलून आली होती आणि नट चांगलाच तापला होता. पाऊण तास साफसफाई केली, तीच बॅटरी आजही चालू आहे. म्हणून कळकळीने सांगतो, बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल बघा.

चार्जिंग होताना बॅटरीतून आम्लाचे बारीक तुषार बाहेर येतात. ते शिशावर बसले की पांढरा थर तयार होतो, तांब्यावर बसले की निळा. हा निळा थर म्हणजे मोरचूद, कोकणात कोळेरोगासाठी सुपारीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलं. या थरामुळे जोड कच्चा होतो. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 600 वॅटचा भार असेल तर वायरीतून साधारण 60 अँपिअर वाहतात. जोडात फक्त 0.01 ओहम रोध आला तरी तिथे 36 वॅट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, यावरून अंदाज करा. शिवाय 0.6 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि बॅटरी संपली असं समजून इन्व्हर्टर आधीच बंद पडतो.

आता काम. आधी इन्व्हर्टरचं बटण बंद करा, मग त्याचा प्लग भिंतीतून काढा. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. जवळ देवघर असेल तर निरांजन, उदबत्ती काहीही पेटतं नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवा. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही, पण दोन टर्मिनलांमध्ये अंगठी अडकली तर क्षणात लाल होते आणि बोट भाजतं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. जोडणीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

काळी वायर आधी सोडवा, लाल नंतर. नट घट्ट बसला असेल तर हातोडी मारू नका, टर्मिनलचा शिशाचा खांब आतून हलतो.

बॅटरीवरची झाकणं घट्ट आहेत ना ते पाहा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि जुन्या टूथब्रशने थोडा थोडा लावा. ओतू नका, सोडा आत गेला तर आतलं आम्लच मारलं जाईल. टर्मिनलवर फसफस सुरू होते. ती थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहा, फसफस थांबली म्हणजे आम्ल संपलं. थिंबल त्याच पाण्यात बुडवून घासा. मग ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडं करा. भुकटी कोरडी खरवडू नका, फुंकर तर अजिबात मारू नका. त्यात शिसं असतं. फडकं फेकून द्या, हात साबणाने धुवा.

सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर ओला करून खांबावर हलकासा फिरवा आणि पुन्हा कोरडं पुसा. करडा रंग जाऊन शिसं चकाकलं की पुरे. थिंबलच्या आतल्या बाजूलाही फिरवा, खरा स्पर्श तिथेच होतो. थिंबलजवळ तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटत असतील तर घासण्यात अर्थ नाही, नवं थिंबल बसवून घ्या.

जोडताना आधी लाल, शेवटी काळी. काळी टेकताना ‘चट्’ अशी ठिणगी उडू शकते, म्हणून खिडक्या उघड्याच असू द्या. नट घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. आधी धातू धातूला भिडू दे, मग जेली.

मल्टिमीटर असेल तर पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालू ठेवून एक टोक खांबावर, दुसरं थिंबलवर धरा. जवळजवळ शून्य दिसायला हवं. 0.1 व्होल्टच्या वर आकडा आला तर जोड अजून कच्चा आहे.

रिमोटमधल्या अल्कलाईन सेलच्या गळतीला मात्र हा सोडा चालत नाही. तिथे अल्कली असते, म्हणून कापसाच्या बोळ्यावर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबू घ्या. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या स्विचला तर हात लावू नका, वायरमनच बोलवा.

शिसं मऊ असतं, दाबाखाली थोडं बसतं. त्यामुळे आठवड्याने इन्व्हर्टर पुन्हा बंद करून दोन्ही नट एकदा आवळून घ्या.